काळजीवाहूंची लक्ष्मणरेषा कोणी आखायची?

खास प्रतिनिधी

नोव्हेंबर २०२४ मधील एक प्रसंग अनेकांच्या विस्मरणात गेला असेल. विधानसभेचे निकाल २३ तारखेला लागले होते. महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून २८८ पैकी २३० जागा मिळाल्या होत्या, तरीही मुख्यमंत्री कोण होणार याचा निर्णय होत नव्हता. एकनाथ शिंदे यांनी २६ तारखेला राजीनामा दिला आणि पर्यायी व्यवस्था होईपर्यंत कारभार पाहण्यास राज्यपालांनी त्यांना सांगितले. त्यानंतर दोनच दिवसांनी अल्पसंख्याक विकास विभागाने वक्फ मंडळाला दहा कोटी रुपये देण्याचा शासन निर्णय काढला. त्यावरून गदारोळ उठताच दुसऱ्या दिवशी तो मागे घेण्यात आला. त्या वेळी स्वतः काळजीवाहू उपमुख्यमंत्री असलेल्या देवेंद्र फडणवीस यांनी त्याचे कारणही जाहीर केले. राज्यात काळजीवाहू सरकार असताना प्रशासनाने असा आदेश काढणे योग्य नव्हते, असे ते म्हणाले.

या निधीच्या बऱ्यावाईटाची चर्चा त्या वेळी भरपूर झाली आणि ती अपेक्षित दिशेनेच गेली. मात्र मागे घेण्यासाठी जे कारण देण्यात आले, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. काळजीवाहू सरकारने असा आदेश काढू नये, हे कोणत्या नियमात लिहिले आहे? प्रशासनातील अधिकाऱ्याने तो नियम शोधायचा म्हटले तर कोणते पुस्तक उघडायचे? राज्यघटना उघडली तर तीत ‘काळजीवाहू’ हा शब्दच नाही. विभागाच्या सचिवाच्या टेबलावर जी नियमावली असते, तिच्यावरून त्या नऊ दिवसांत कोणती फाइल पुढे सरकवावी आणि कोणती कपाटात ठेवावी याचा खुलासा होत नाही. उरते ती परंपरा. आणि परंपरा काय आहे हे ज्याने त्याने आपल्या सोयीने सांगायचे, अशी आपल्याकडील स्थिती आहे.

न्यायालयाने या प्रश्नाचा एक भाग फार पूर्वी निकालात काढला आहे. इंदिरा गांधी यांच्या सल्ल्यावरून २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा मुदतीपूर्वी विसर्जित झाली. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. मग लोकसभाच नसताना ते मंत्रिमंडळ अधिकारावर राहू शकते काय, असा मुद्दा घेऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च १९७१ मध्ये न्यायालयाने दिलेले उत्तर स्पष्ट होते. राष्ट्रपतींना सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असलेच पाहिजे, ही घटनेच्या ७४ व्या कलमाची आज्ञा आहे. मंत्रिमंडळाविना राष्ट्रपतींनी देश चालविणे आपल्या घटनेला मान्य नाही, आणि लोकसभा विसर्जित झाली म्हणून ही आज्ञा संपत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यामुळे काळजीवाहू सरकार हे पूर्ण सरकारच ठरते. त्याची सही तितकीच बंधनकारक असते आणि त्याचा वटहुकूमही तितकाच जारी होतो.

राज्यांनाही तेच तत्त्व लागू पडते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मावळत्या विधानसभेची मुदत २६ तारखेला संपत असल्याने त्यापूर्वी शपथविधी झाला नाही तर राष्ट्रपती राजवट येईल, अशी एक समजूत पसरली होती. तिला घटनेत आधार नव्हता. निकालानंतर किती दिवसांत सरकार स्थापन झाले पाहिजे याची मुदत घटनेने घातलेली नाही, आणि नव्या मुख्यमंत्र्यांनी ५ डिसेंबरला आझाद मैदानावर शपथ घेतल्याने काही घटनात्मक अनर्थही ओढवला नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे ‘हंगामी’ आणि ‘काळजीवाहू’ हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. जवाहरलाल नेहरू आणि लालबहादूर शास्त्री यांच्या निधनानंतर गुलझारीलाल नंदा यांनी १९६४ आणि १९६६ मध्ये प्रत्येकी तेरा दिवस पंतप्रधानपद सांभाळले, ते हंगामी. तेव्हा लोकसभा अस्तित्वात होती, पक्षाचे बहुमत शाबूत होते आणि प्रश्न फक्त नेता निवडण्याचा होता. काळजीवाहू सरकारची गोष्ट वेगळी आहे. त्याने विश्वास गमावलेला असतो किंवा त्याची मुदत संपलेली असते, आणि त्याला जाब विचारणारे सभागृहही बहुधा नसते.

संयमाची परंपरा आपल्याकडे रुजली ती मुख्यत्वे १९७९ मध्ये. मोरारजी देसाई यांच्या राजीनाम्यानंतर २८ जुलै रोजी चरणसिंग पंतप्रधान झाले. इंदिरा काँग्रेसने पाठिंबा काढताच २० ऑगस्टला, संसदेला एकदाही सामोरे न जाता, त्यांनी राजीनामा दिला. जगजीवनराम यांचा दावा बाजूला ठेवून राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली. तो निर्णय वादग्रस्त ठरला. पण त्यासोबतच्या निवेदनात राष्ट्रपतींनी एक गोष्ट नोंदवून ठेवली. नवे धोरण ठरविणारे, मोठा नवा खर्च ओढवून घेणारे किंवा महत्त्वाचे प्रशासकीय स्वरूपाचे निर्णय हे सरकार मधल्या काळात घेणार नाही, असे त्यांनी नमूद केले. आज ज्याला आपण परंपरा म्हणतो, तिचा भारतातील सर्वांत स्पष्ट मजकूर म्हणजे हे निवेदन होय. पुढे कोलकाता उच्च न्यायालयाने त्याच सरकारसंबंधीच्या प्रकरणात, अशा सरकारने दैनंदिन कारभारापुरते मर्यादित राहावे, असे मत नोंदविले. सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात हीच गोष्ट राज्यांच्या संदर्भात सांगितली आणि १९९४ च्या बोम्मई निकालातही तिचा उल्लेख आला.

मात्र या परंपरेच्या जन्मवर्षीच तिला तडा गेला. देशात तेव्हा दुष्काळ होता, साखर आणि रॉकेलची टंचाई होती, आणि कांद्याचे भाव तर पुढे प्रचाराचाच विषय झाले. ५ ऑक्टोबर १९७९ रोजी चरणसिंग सरकारच्या सल्ल्यावरून काळाबाजार प्रतिबंधक वटहुकूम निघाला. खटला न चालविता माणसाला सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करण्याची तरतूद त्यात होती. आणीबाणीतील स्थानबद्धतेच्या आठवणी ताज्या असताना, संसदेला तोंड न दाखविलेल्या सरकारने असा वटहुकूम काढावा, हा दैनंदिन कारभार म्हणता येईल काय? इंदिरा गांधी सत्तेवर आल्यावर १९८० मध्ये त्याचेच कायद्यात रूपांतर झाले, आणि तो कायदा अद्यापही पुस्तकात आहे. काळजीवाहूंचे निर्णय तात्पुरते असतात, हा समज किती भाबडा आहे ते यावरून दिसते.

मग काळजीवाहू सरकारने हात बांधून बसावे हेच योग्य, असे म्हणावे तर १९९१ चे वर्ष आडवे येते. हरयाणाचे दोन पोलीस राजीव गांधी यांच्या घराबाहेर पाळत ठेवत असल्याच्या आरोपावरून काँग्रेसशी बिनसले आणि चंद्रशेखर यांनी ६ मार्च १९९१ रोजी राजीनामा दिला. त्याच्या दोनच दिवस आधी अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी पूर्ण अर्थसंकल्पाऐवजी हंगामी अर्थसंकल्प मांडला होता. लेखानुदान उरकून १३ मार्चला लोकसभा विसर्जित झाली. आखाती युद्धाने तेल महागले होते, अनिवासी भारतीय ठेवी काढून घेत होते आणि परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांची आयात भागवील इतकीच उरली होती. कर्जाचा एखादा हप्ता चुकला असता तर देश थकबाकीदार ठरला असता. पूर्ण अर्थसंकल्प नाही, लोकसभा नाही, आणि नाणेनिधीकडे कठोर अटींवर मोठे कर्ज मागण्याचा राजकीय अधिकारही नाही, अशा अवस्थेत या सरकारने मे महिन्यात तस्करांकडून जप्त केलेले वीस टन सोने स्टेट बँकेमार्फत, परत विकत घेण्याच्या अटीवर, स्विस बँकेला विकले. त्यातून सुमारे २० कोटी डॉलर उभे राहिले.

सोने हा भारतीय मनाचा हळवा कोपरा आहे. घरातले सोने गहाण पडले की घराची अब्रू गेली, असे मानणाऱ्या समाजात हा निर्णय कोणत्याही सरकारला जड गेला असता. येथे तो अशा सरकारने घेतला की ज्याला स्वतःचे नाव निवडणुकीनंतर कोणाच्या आठवणीत राहील याचीही खात्री नव्हती. त्यातच २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली, मतदानाच्या उरलेल्या फेऱ्या जूनच्या मध्यापर्यंत पुढे गेल्या आणि काळजीवाहू काळ आणखी लांबला. नरसिंह राव यांनी २१ जूनला सूत्रे घेतली. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे जवळपास ४७ टन सोने विलायतेला हलवून बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडून ४० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी करण्यात आली. नव्या सरकारने जुन्या सरकारचाच मार्ग अधिक मोठ्या प्रमाणावर चोखाळला. याचा अर्थ मे महिन्यातील निर्णय चुकीचा नव्हता. फार तर तो अपुरा होता, आणि अपुरा होता याचे कारण तो घेणारे सरकार काळजीवाहू होते हेच. चार महिन्यांच्या निर्णयशून्यतेची किंमत किती पडली याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. पण २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला तेव्हा आर्थिक वर्षाचे जवळजवळ चार महिने उलटून गेले होते.

दुसरी कसोटी १९९९ ची. वाजपेयी सरकार १७ एप्रिल रोजी २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. सर्व पक्षांनी समजुतीने अर्थसंकल्प चर्चेविना संमत करून दिला, ही त्या कडवट दिवसांतील एक शहाणपणाची गोष्ट. पर्यायी सरकार बनेना, म्हणून २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. त्यानंतर काही दिवसांतच कारगिलच्या डोंगरांवर घुसखोर असल्याचे उघड झाले. २६ मे रोजी हवाई हल्ले सुरू झाले आणि २६ जुलैला मोहीम संपली. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, हा त्या युद्धातील सर्वांत मोठा धोरणात्मक निर्णय काळजीवाहू मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने घेतला. ‘दैनंदिन कारभार’ या व्याख्येत युद्ध बसत नाही. पण त्या उन्हाळ्यात वाजपेयींनी निर्णय घेऊ नयेत, असे कोणताही जबाबदार माणूस म्हणाला नाही.

त्याच जुलै महिन्यात त्याच मंत्रिमंडळाने आणखी एक निर्णय घेतला. दूरसंचार कंपन्यांनी बोली लावून कबूल केलेले ठरावीक परवाना शुल्क त्यांना पेलवत नव्हते. ती पद्धत बदलून महसुलातील वाटा घेण्याची सवलत त्यांना देण्यात आली. देशातील मोबाइल क्रांतीचे मूळ या बदलात आहे, असे अनेक जाणकार मानतात. परंतु हजारो कोटींच्या देण्याचा हा फेरविचार निवडणुकीच्या तोंडावर करण्याची तातडी काय होती, हा विरोधकांचा सवालही गैर नव्हता. वाद न्यायालयापर्यंत गेला. कारगिल आणि दूरसंचार या दोन निर्णयांत मूलभूत फरक आहे. पहिला पुढे ढकलता येत नव्हता. दुसरा तीन महिने थांबला असता तर कंपन्यांचे काही नुकसान झाले असते, देशाचे नव्हे.

त्या वेळी विरोधी पक्षांनी राज्यसभेचे खास अधिवेशन बोलावण्याची मागणी केली होती. सरकारने ती मानली नाही. सर्वपक्षीय बैठकांवर काम भागविले. प्रस्तुत लेखकाच्या मते काळजीवाहू सरकारांच्या प्रश्नाचे मर्म या मागणीत आहे. आपण नेहमी विचारतो ते असे की, अशा सरकारला कोणते अधिकार असावेत? या प्रश्नाला निश्चित उत्तर नाही, कारण उद्या काय ओढवेल याची यादी आज करता येत नाही. विचारायला हवे ते असे की, अशा सरकारने कोणाला विचारून निर्णय घ्यावा आणि कोणापुढे उभे राहून उत्तर द्यावे? लोकसभा विसर्जित होते. राज्यसभा होत नाही. लोकसभा नसताना राज्यसभेने भरू नये, असाही नियम नाही. १९७७ आणि १९९१ मध्ये लोकसभा विसर्जित असताना राज्यांतील राष्ट्रपती राजवटीच्या मंजुरीसाठी राज्यसभेची बैठक झालेली आहे. राष्ट्रपती राजवटीसाठी जे सभागृह बोलावता येते ते युद्धावरील चर्चेसाठी बोलावता आले नसते काय? महाराष्ट्रात तर विधान परिषदही आहे, आणि तीही विसर्जित होत नाही. परंतु विधानसभा नसलेल्या दिवसांत सरकारला प्रश्न विचारण्यासाठी तिचा उपयोग करावा, असे सहसा कोणाला सुचत नाही.

आतापर्यंतची उदाहरणे राजीनामा दिलेल्या सरकारांची झाली. त्याहून अधिक धोक्याचा काळ असतो तो राजीनाम्यापूर्वीचा. सरकार जाणार हे सर्वांना दिसत असते, सरकारलाही दिसत असते, पण कागदोपत्री ते पूर्ण अधिकाराचे असते. काळजीवाहूंसाठीची परंपरा तेथे लागूच होत नाही.

महाराष्ट्राने याची किंमत डॉलरमध्ये मोजली आहे. मे १९९६ मध्ये वाजपेयींचे पहिले सरकार तेरा दिवस टिकले. बहुमत नाही हे उघड होते. विश्वासदर्शक ठरावावर लोकसभेत चर्चा सुरू असतानाच मंत्रिमंडळाने एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाला केंद्राची प्रतिहमी मंजूर केली आणि त्यानंतर पंतप्रधान राजीनामा देण्यास राष्ट्रपती भवनात गेले. ज्या प्रकल्पाचा पहिला करार युती सरकारने १९९५ मध्ये मोडला होता आणि वाटाघाटी करून पुन्हा जोडला होता, त्याला केंद्राच्या तिजोरीचे पाठबळ देण्याचा निर्णय लोकसभेचा विश्वास एकदाही न मिळविलेल्या मंत्रिमंडळाने घेतला. २००१ च्या फेब्रुवारीत वीज मंडळाकडून बिल वसूल होईना तेव्हा कंपनीने हीच प्रतिहमी वटविण्यासाठी पुढे केली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात गुहागर तालुक्यातील तो प्रकल्प बंद पडला. निर्णय चूक की बरोबर यावर मतभेद असू शकतात. तो त्या दुपारी घेण्याचे कारण मात्र आजतागायत कोणी पटण्याजोगे दिलेले नाही.

२०२२ च्या जूनमध्ये मुंबईत घडले ते याच जातीचे. एकनाथ शिंदे आमदारांसह सुरत आणि तेथून गुवाहाटीला गेले, तेव्हापासून महाविकास आघाडी सरकारचे दिवस मोजले जाऊ लागले. त्या आठवड्यात मंत्रालयातून शासन निर्णयांचा असा सपाटा सुरू झाला की राज्यपालांनी त्यांचा खुलासा मागविला. ३० जूनला बहुमत सिद्ध करण्याचा आदेश आला. २९ जूनच्या सायंकाळी मंत्रिमंडळाने औरंगाबादचे संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव असे निर्णय घेतले. सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीला स्थगिती नाकारताच त्याच रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. पुढे नव्या सरकारने, बहुमत सिद्ध करण्याचा आदेश मिळालेल्या सरकारला असे निर्णय घेता येत नाहीत, अशी भूमिका घेतली आणि १६ जुलैला तेच निर्णय, ‘छत्रपती’ ही उपाधी जोडून, पुन्हा घेतले.

या पुनरावृत्तीत एक विनोद दडलेला आहे, आणि तो मुख्यत्वे नव्या सरकारच्या पदरी जातो. त्या दिवशी हे ‘नियमित’ निर्णय घेणारे मंत्रिमंडळ अवघ्या दोघांचे होते. मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री अशा दोघांनी ३० जूनपासून ९ ऑगस्टपर्यंत, म्हणजे चाळीस दिवस, महाराष्ट्राचा कारभार पाहिला. मंत्र्यांची संख्या बाराहून कमी असू नये, असे घटनेचे १६४ वे कलम म्हणते. बहुमताबद्दल शंका असलेल्या पूर्ण मंत्रिमंडळाचा निर्णय अग्राह्य आणि बहुमत असलेल्या अपूर्ण मंत्रिमंडळाचा ग्राह्य, हा न्याय कोणत्या परंपरेत बसतो ते दोन्ही बाजूंनी एकदा सांगावे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेशच समर्थनीय नसल्याचे म्हटले. पण ठाकरे यांनी स्वेच्छेने राजीनामा दिला असल्याने त्यांना पुन्हा बसविता येत नाही, असेही म्हटले. म्हणजे ज्या आदेशाच्या आधारे जुने निर्णय संशयास्पद ठरविले गेले, तो आदेशच पुढे संशयास्पद ठरला!

सरकार काम करीत राहिले तर हे असे, आणि थांबले तर काय होते, याचा अनुभव २०१९ मध्ये आला. निकाल २४ ऑक्टोबरला लागले, स्थिर सरकार यायला २८ नोव्हेंबर उजाडला. मधल्या पस्तीस दिवसांत राज्याने मुदत संपत आलेले सरकार, काळजीवाहू सरकार, राष्ट्रपती राजवट आणि पहाटेच्या शपथविधीतून आलेले काही दिवसांचे सरकार अशी चार रूपे पाहिली. अवकाळी पावसाने त्याच सुमारास खरिपाचे पीक भुईसपाट केले होते. मदत जाहीर झाली ती १६ नोव्हेंबरला, राज्यपालांकडून : खरीप पिकांना हेक्टरी ८,००० आणि फळबागांना १८,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. राष्ट्रपती राजवट लागताच मुख्यमंत्री सहायता निधीचा कक्षही बंद झाला होता. शस्त्रक्रियेसाठी मदतीचा अर्ज केलेल्या रुग्णांचे नातेवाईक मंत्रालयात येऊन परत जात होते. मुख्यमंत्रीच नसताना मुख्यमंत्र्यांच्या निधीवर सही कोणी करायची, हा प्रश्न कोणत्याही नियमावलीने आधी सोडवून ठेवला नव्हता. सत्तांतराच्या चर्चेत आमदारांची हॉटेले दिसतात. या रांगा दिसत नाहीत.

निवडणूक आयोगाने या पोकळीचा एक कोपरा भरून काढला आहे. तेलंगणात के. चंद्रशेखर राव यांनी ६ सप्टेंबर २०१८ रोजी विधानसभा मुदतीआधी विसर्जित केली, तेव्हा आयोगाने त्याच महिन्यात आदेश काढला की, अशा विसर्जनाच्या क्षणापासून आचारसंहिता लागू होईल आणि काळजीवाहू सरकारला नव्या योजना जाहीर करता येणार नाहीत. त्याआधी २००२ मध्ये गुजरातमध्ये विधानसभा जुलैत विसर्जित झाली आणि निवडणूक डिसेंबरमध्ये. त्या दरम्यानचे काळजीवाहू सरकार आचारसंहितेविनाच बराच काळ वावरले होते. २०१८ चा आदेश स्वागतार्हच होता. पण आचारसंहिता निवडणुकीसाठी असते आणि निवडणूक आटोपली की ती संपते. नोव्हेंबर २०२४ मधील ते नऊ दिवस आठवून पाहा. निवडणूक संपली होती, म्हणून आचारसंहिता नव्हती. जुनी विधानसभा संपली होती आणि नवीन सदस्यांची शपथ ७ डिसेंबरपासून व्हायची होती, म्हणून जाब विचारणारे सभागृह नव्हते. दहा कोटींचा तो शासन निर्णय मागे गेला तो कोणत्याही नियमामुळे नव्हे. त्यावर गदारोळ झाला म्हणून. ज्या निर्णयांवर गदारोळ झाला नाही ते तसेच राहिले असतील, तर त्याचे आश्चर्य वाटायला नको.

शेजारी देशांनी यावर वेगळाच उपाय करून पाहिला. बांगलादेशाने १९९६ मध्ये घटनादुरुस्ती करून निवडणुकीपुरते निष्पक्ष काळजीवाहू सरकार नेमण्याची पद्धत आणली. १९९६ आणि २००१ च्या निवडणुका तिच्या आधारे झाल्या. पण जानेवारी २००७ मध्ये आलेले, नव्वद दिवसांसाठीचे असे सरकार लष्कराच्या पाठबळावर जवळपास दोन वर्षे राहिले, आणि २०११ मध्ये शेख हसीना यांनी पद्धतच रद्द केली. त्यानंतरच्या निवडणुकांवरचा अविश्वास वाढत जाऊन ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचा स्फोट झाला आणि देश पुन्हा मुहंमद युनूस यांच्या अंतरिम सरकारकडे आला. पाकिस्तानने काळजीवाहू सरकारची कर्तव्ये २०१७ च्या निवडणूक कायद्यातच लिहून ठेवली. मग जुलै २०२३ मध्ये, नाणेनिधीसारख्या संस्थांशी चालू असलेले व्यवहार अडू नयेत म्हणून त्याच कायद्यात अधिकार वाढवून घेतले. निवडून न आलेल्या सज्जनांकडे चाव्या सोपविण्याचा हा मार्ग आपल्याला परवडणारा नाही. आपल्याकडे निवडणूक घेणारी यंत्रणा वेगळी आहे, त्यामुळे त्याची गरजही नाही.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचा मार्ग अधिक जवळचा वाटतो. तेथे कायदा नाही, पण लेखी मार्गदर्शिका आहे आणि ती सर्वांना वाचायला खुली आहे. नवे धोरण, मोठी कंत्राटे आणि वरिष्ठ नेमणुका शक्यतो पुढे ढकलाव्यात. ढकलता येत नसतील तर विरोधी पक्षाशी सल्लामसलत करावी, असा तिचा आशय आहे. मे २०१० मध्ये ब्रिटनमध्ये निकाल त्रिशंकू लागला. तीन दिवसांनी युरोपच्या अर्थमंत्र्यांची तातडीची बैठक होती. मावळते अर्थमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग तेथे गेले, पण त्यापूर्वी त्यांनी जॉर्ज ऑस्बर्न आणि व्हिन्स केबल या प्रतिस्पर्ध्यांशी बोलून घेतले. दोनच दिवसांनी सरकार बदलले आणि ऑस्बर्न त्या खुर्चीवर बसले.

आपल्याकडे अशी मार्गदर्शिका करण्यासाठी घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही. केंद्रात आणि राज्यांत कामकाजाचे नियम असतातच, त्यांत एका प्रकरणाची भर घालता येईल. सुरुवात कधीपासून मानायची, हा त्यातील वादाचा मुद्दा ठरेल. राजीनाम्यापासून मानली तर १९९६ ची दुपार आणि २०२२ ची सायंकाळ तिच्या कक्षेबाहेर राहते. राज्यपालांच्या आदेशापासून मानली तर राज्यपालांच्या हाती सरकार गोठविण्याचे हत्यार येते, आणि २०२३ चा निकाल वाचल्यावर ते कोणी निश्चिंत मनाने देणार नाही. त्यापेक्षा सभागृहात विश्वासाचा प्रश्न दाखल झाला की मोठ्या आर्थिक निर्णयांना आपोआप विराम, आणि अपवाद केल्यास त्याची कारणे लेखी नोंदवून वरिष्ठ सभागृहापुढे ठेवायची, हा मध्यममार्ग अधिक सुरक्षित दिसतो. रुग्णमदत, नैसर्गिक आपत्तीतील साहाय्य, वेतन आणि शिष्यवृत्त्या यांच्या सह्यांचे अधिकार मुख्य सचिवांकडे आपोआप जातील, अशी एक ओळ त्यात घातली तरी २०१९ च्या रांगा टळतील.

अडचण आहे ती इच्छेची. आज विरोधात असलेला प्रत्येक मोठा पक्ष कधी ना कधी काळजीवाहू खुर्चीत बसला आहे, आणि त्या खुर्चीत असताना त्याला लेखी नियमाची आठवण झालेली नाही. देवेंद्र फडणवीस यांनी पहाटेच्या शपथविधीनंतर मंत्रालयात २५ नोव्हेंबर २०१९ रोजी सूत्रे घेतली, तेव्हा त्यांची पहिली सही मुख्यमंत्री सहायता निधीच्या धनादेशावर झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. राष्ट्रपती राजवटीत रखडलेले अर्ज पुन्हा नव्या मुख्यमंत्र्यांची वाट पाहू लागले.